गायकर मॅडम आणि मागचं पाऊल

नव्या मुलीला गायकर मॅडम पहिल्या दिवशी ग्लोव्हज देत नसत. नाव, गाव, शिक्षण विचारता विचारता त्या हातातला ओला टॉवेल पिळत राहायच्या आणि मुलगी उत्तर देत असतानाच तो अचानक तिच्या तोंडासमोर फटकारायच्या. टॉवेल लागायचा नाही, नाकासमोरून नुसता वारा जायचा. त्या क्षणी मुलगी काय करते, एवढंच त्यांना बघायचं असायचं. कुणी डोळे मिटून जागच्या जागी थिजायची, कुणी हात वर घ्यायची, एखादी चिडून पुढे यायची. मी मागे उडी मारली ती थेट दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. सगळा हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "परत करून दाखवशील?"

शहाडला एका समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर त्या मुलींना बॉक्सिंग शिकवत. दिवसा कल्याणच्या एका शाळेत पीटीच्या बाई आणि संध्याकाळी इथे. ठेंगणा बांधा, रुंद खांदे, बारीक कापलेले केस, एका बाजूला किंचित कललेलं नाक आणि कपाळावर न चुकता लाल टिकली. उल्हास नदीच्या काठच्या आगरी गावात वाढलेल्या. शाळेत बोलायचं मराठी त्या नीट बोलत, ‘नाय’ तेवढं सुटत नसे; राग आला किंवा भ्यायल्या की मात्र सगळी गावची बोली वर यायची. त्या भिऊ शकतात हे मला तेव्हा खरं वाटलं नसतं.

मी तिथे गेले ती भीतीमुळेच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत एक बाइकवाला माझ्या मागे मागे यायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही. मी चालले की बाइक सावकाश, मी थांबले की बाइक थांबलेली. बाबा म्हणाले, "दुसऱ्या रस्त्याने येत जा." मी दुसऱ्या रस्त्याने येऊ लागले. चार दिवसांनी तोही त्या रस्त्याने येऊ लागला. मग मला झोप लागेना. वर्गातल्या संजनाने सांगितलं, आमच्या मॅडमकडे ये.

"कशाला आलीस?" मॅडमनी विचारलं.

"भीती जावी म्हणून."

"मग चुकीच्या ठिकाणी आलीस," त्या म्हणाल्या. "मला बॉक्सिंग करायला लागून इतकी वर्षं झाली, माझी नाय गेली. आधी सांग, भीती कुठं बसलीय? पोटात? गुडघ्यात? मानेत?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हटलं, "पायांत. पाय पळायला बघतात."

"चांगलं आहे. ज्यांच्या हातात बसते त्यांना शिकवायला मला जास्त वेळ लागतो."

आठवड्याभरात बाइकवाल्याची गोष्ट त्यांना पूर्ण कळली. एका संध्याकाळी त्या माझ्याबरोबर डोंबिवलीला उतरल्या. मला वाटलं, आता त्या त्याला दोन लगावणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. तो दिसल्यावर त्या त्याच्याकडे सरळ गेल्या नाहीत, रस्त्याच्या मोकळ्या बाजूने वळसा घालून गेल्या, अशा की त्याच्या पाठीमागे दुकानाचं बंद शटर आलं. मला त्यांनी आपल्या डाव्या हाताला उभं केलं. मग हातभर अंतर राखून, आवाज न चढवता त्याला म्हणाल्या, "तुझ्या बाइकचा नंबर मी लिहून पोलीस चौकीत दिलाय. आता तू माझ्याशी बोल. हिच्याशी काय काम आहे तुझं?" तो काहीतरी पुटपुटला. समोरचा वडापाववाला वर बघू लागला, दोन बायका थांबल्या. बाइक वळवायला त्याला जागा नव्हती. मॅडमनीच एक पाऊल बाजूला होऊन ती करून दिली आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

आम्ही पुढच्या वळणावर गेलो आणि मॅडम एका बिल्डिंगच्या पायरीवर मटकन बसल्या. "पानी हाय का गो?" मी बाटली दिली. त्यांचे गुडघे ट्रॅकपँटमधून दिसतील इतके थरथरत होते. "चाकू असता त्याच्याकडं तर?" त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर मी अधिकच घाबरले. जिच्या आधाराने उभं राहायचं, तीच अशी थरथरत होती.

हॉलमध्ये मात्र त्या भीतीवर एखाद्या मेकॅनिकसारखं काम करायच्या. प्रत्येकीला वेगळं शिकवायच्या. संजना बुटकी, हात आखूड, स्वभावाने तापट. तिला त्या म्हणायच्या, "तुला लांबून मारता येणार नाय. तू डोकं हलवत आत शिर, पोटावर मार, समोरचीला श्वास घेऊ देऊ नको." कुणाला म्हणायच्या, "तू थांब. समोरची मारेल, चुकेल, मग तुझी पाळी." आणि मला म्हणाल्या, "तू बगळा आहेस. आमच्या नदीवर बघ कधीतरी. बगळा पाण्यात धावाधाव करत नाय. लांब उभा राहतो, चोच मारतो, मान मागं घेतो. तुझे हात लांब आहेत आणि पाय भित्रे आहेत. दोन्ही माझ्या कामाचे."

महिनोन्महिने मी मागे जायला शिकले. सरळ मागे नाही, कारण सरळ मागे गेलं की पाठीला रिंगचा दोर लागतो. मागे आणि बाजूला. जाता जाता डावा हात समोरचीच्या तोंडावर. मागचा पाय हलल्याशिवाय पुढचा हलवायचा नाही, टाच टेकवायची नाही, पाय जुळवायचे नाहीत. मी दमून थांबले की मॅडम खडू घेऊन जमिनीवर माझ्याभोवती गोल काढायच्या. "यात ती आली की तू यात नसायला पाहिजेस."

पण मला ते आवडत नव्हतं. संजना पुढे घुसायची तेव्हा बाकीच्या मुली टाळ्या वाजवायच्या. मी मागे जायचे तेव्हा कुणी ना कुणी तरी म्हणायचं, "अगं, पळतेयस काय!" जिल्ह्याच्या स्पर्धेत मी ठरवलं की आज उभं राहून मारामारी करायची. पहिल्या राउंडला मी मॅडमचं सगळं बाजूला ठेवलं आणि समोरच्या मुलीशी ठोशाला ठोसा देत उभी राहिले. दुसऱ्या राउंडला माझ्या कानात शिट्टी वाजू लागली आणि पायांखालची चटई हलू लागली. रेफरी माझ्यासमोर बोटं धरून आकडे मोजत होता आणि मला फक्त त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं. लढत थांबवली गेली.

आम्ही रिक्षाने परतत होतो. माझ्या नाकात कापूस होता. मॅडम म्हणाल्या, "लोक हसतील ही भीती घेऊन उतरलीस तू आज. ती भीती ठोसा कुठून येतोय ते सांगत नाय. तुझी जुनी होती ती सांगायची."

त्यानंतर मी त्यांचं ऐकलं. आणि वर्षभराने, मी सलग जिंकू लागले होते तेव्हा, मॅडमना माझा उजवा हात दिसेनासा झाला.

पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकलं. त्या हातांत पॅड धरायच्या, मी त्यांवर मारायचे. माझा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पॅडवर बरोबर बसायचा. उजवा मात्र पॅडच्या बाजूने जाऊन त्यांच्या खांद्यावर आदळला. "घाम गेला डोळ्यात," त्या म्हणाल्या. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मग एकदा चहा ओतताना त्यांनी तो कपाच्या डावीकडे, सरळ टेबलावर ओतला आणि ओतत राहिल्या. संजनाने किटली धरली. मॅडमनी आम्हा दोघींकडे बघितलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आधी नुसत्या काळ्या माश्या दिसायच्या. आता डाव्या डोळ्यात कोपऱ्यातून पडदा आल्यासारखं वाटतं."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर बोलला बंद, तर बंद होईल ना गो सगळं." एवढं बोलून त्या दुसऱ्या मुलीचे ग्लोव्हज बांधायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन उभी राहिले. त्या यायला तयार नव्हत्या. वहिनीने, म्हणजे त्यांच्या भावाच्या बायकोने, त्यांची पर्स माझ्या हातात दिली आणि त्यांना म्हणाली, "आता जा. नायतर मी येते धरून." ठाण्याच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी औषध घालून तपासलं आणि खुर्ची मागे सारली. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. जुने मार होते, रिंगमधले. त्याच दिवशी ऑपरेशन करायचं ठरलं. दिसेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "प्रयत्न करू." मॅडमनी माझं मनगट धरलं होतं ते इतकं घट्ट की नंतर बोटांचे वळ राहिले.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला होता. तो पडद्याला आतून दाबून धरतो म्हणे, आणि म्हणून पेशंटने दिवसरात्र तोंड खाली ठेवायचं. जेवताना, झोपताना, बोलताना, सगळ्या वेळी खाली. मॅडम खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवायच्या. त्यांना दिसायची ती फक्त फरशी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

मी रोज कॉलेज सुटल्यावर जायचे. राज्य स्पर्धा जवळ आली होती आणि मला ती आता खेळायची नव्हती. रिंगच्या कॉर्नरला त्या नसतील तर मी उतरणार नाही, असं मी वहिनीला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. बाहेरून आवाज आला, "माझा डोला गेलाय, कान नाय गेले. इकडं ये. चपला काढ. चाल माझ्यासमोर."

मी टेबल बाजूला सारून त्यांच्या खुर्चीसमोरच्या फरशीवर उभी राहिले.

"स्टान्स घे, पाय मांड. आता मागं जा. टाच टेकली. परत."

तेव्हापासून रोज हेच. त्या मान खाली घालून माझे पाय बघायच्या आणि मी त्यांच्या डोक्यामागचे करडे केस बघत हवेत हात मारायचे. राज्य स्पर्धेत माझ्या वजनगटात एक डावखुरी मुलगी होती, सगळ्यांना पहिल्या दोन राउंडमध्ये झोपवणारी. तिचे व्हिडिओ संजना मोबाइलवर बघायची आणि मॅडमना वर्णन करून सांगायची. मॅडमनी वहिनीला हाक मारली. "तुझ्या चपला दे गो."

वहिनीच्या निळ्या रबरी चपला फरशीवर मांडल्या गेल्या, उजवी पुढे, डावी मागे. "ही ती पोरगी," मॅडम म्हणाल्या. "तिचा जोर कुठल्या हातात? डाव्या. म्हणून तू तुझ्या डावीकडे सरक, त्या हातापासून लांब. आणि तुझं डावं पाऊल तिच्या उजव्या पावलाच्या बाहेर ठेव. आत ठेवलंस तर तिच्यासमोर उघडी पडलीस." वहिनी दारात उभी राहून स्वतःच्या चपलांभोवती फिरणाऱ्या मला बघत होती. "माझ्या चपलांना मारू नको हां," ती म्हणाली, आणि मॅडमचे खांदे हसून हलले. मान वर करता येत नव्हती म्हणून त्या फरशीकडे बघून हसल्या.

एका दुपारी मी गेले तेव्हा वहिनी घरात नव्हती. मी नेहमीसारखी चालू लागले. टाच टेकली तरी त्यांनी टोकलं नाही. मला वाटलं झोप लागली. मग त्यांच्या तोंडाखालच्या फरशीवर एक थेंब पडलेला दिसला. मग दुसरा. गालावरून ओघळायला वाटच नव्हती, सरळ खाली पडत होते.

"मॅडम?"

"मना दिसलं नाय तर?" त्या म्हणाल्या. "हा गेला. उद्या दुसरा गेला तर? मी काय करू सांग. मना दुसरं काय येतं?"

मी फरशीवर मांडी घालून त्यांच्या तोंडाखाली बसले, म्हणजे त्यांना पायांऐवजी माझा चेहरा दिसेल. एक डोळा पट्टीखाली, दुसरा लाल. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"कुठं बसलीय?" मी विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "मानेत. पण मान तर या उशीनंच आखडलीय, मेली." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. भीती काही कमी झाली नाही. त्यांचीही नाही, माझीही नाही. मी उठले आणि पुन्हा चपलांभोवती फिरू लागले.

राज्य स्पर्धेची फायनल ठाण्याच्या एका हॉलमध्ये झाली. माझ्या कॉर्नरला जिल्ह्याचे एक सर होते, भला माणूस, पण मला ओळखत नव्हते. घंटा वाजली आणि ती मुलगी आली ती थेट अंगावर. तिचा पहिला डावा माझ्या गार्डवर बसला तरी माझे दात वाजले. पायांनी आपणहून मागे नेलं. मी डावीकडे सरकले, जॅब मारला, पुन्हा सरकले. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अगं मार की! नाचतेस काय!" माझे कान गरम झाले. पण तेव्हा तिच्या डोळ्यांत बघायची हिंमत नसल्यामुळे मी तिच्या पावलांकडे बघत होते, आणि ती पावलं कुठे पडणार हे मला कळत होतं. डावा हात यायच्या आधी तिचं मागचं पाऊल किंचित ओढलं जायचं. दर वेळी. मी दर वेळी तिथे नसायचे.

तिसऱ्या राउंडला एक ठोसा चुकवता आला नाही. डाव्या कानशिलावर बसला आणि क्षणभर सगळं पांढरं झालं. पुढे घुसावं असं वाटलं, चिडून. मी तिच्या गळ्यात पडून तिचे हात धरून ठेवले. लोकांनी हुर्यो केली. रेफरीने सोडवलं. मी पुन्हा डावीकडे गेले. पाचपैकी तीन पंचांनी मला कौल दिला, दोघांनी तिला.

मी मॅडमना फोन लावला. वहिनीने तो त्यांच्या कानाला धरला. "मॅडम, जिंकले!"

"डोक्याला लागलं?"

"एकच. मॅडम, नॅशनलला निवड झाली!"

"कुठल्या बाजूला लागलं?" मागून वहिनी विचारत होती, काय झालं, काय झालं. मॅडम तिला म्हणाल्या, "थांब गो." आणि मला म्हणाल्या, "परवा माझी तपासणी आहे. तू पण चल. डोळे दाखवायचे."

मी गेले ते त्यांच्या समाधानासाठी. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत औषध घातलं, दिवा लावून बघितलं, पुन्हा बघितलं. माझ्या डाव्या डोळ्यातला पडदा एका जागी पातळ झाला होता आणि तिथे बारीकसं भोक होतं. "लेझरने कडा पक्क्या करून टाकतो," ते म्हणाले. "एरवी काही होणार नाही. पण डोक्यावर मार बसत राहिला तर मी खात्री देऊ शकत नाही."

आई त्या दिवसापासून माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. बाबा म्हणाले, "निर्णय तुझा. तू विचार करून सांग." मी विचार करत होते. रोज आरशासमोर डावा डोळा झाकून बघायचे, मग उजवा झाकून. लेझर झालं होतं, मला सगळं लख्ख दिसत होतं. एक स्पर्धा खेळून मग सोडू, असं मी मनाशी ठरवत आणलं होतं. तेवढ्यात जिल्ह्याच्या सरांचा फोन आला की तुझ्या जागी दुसरी मुलगी जातेय, गायकर मॅडमनी तुझ्या डोळ्याचं कळवलंय.

मी शहाडला गेले तेव्हा मॅडम हॉलमध्ये होत्या. त्यांना तोंड वर करायची परवानगी मिळाली होती. डाव्या डोळ्याने सावल्यांपलीकडे काही दिसत नव्हतं आणि दिसणार नव्हतं. सगळ्या मुली होत्या. मी सगळ्यांसमोर ओरडले.

"माझं मी ठरवणार होते! तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही!"

"नाय विचारलं."

"का?"

"तू हो म्हणाली असतीस."

"तुमच्या डोळ्याचं झालं म्हणून माझंही होईल असं कुठे आहे? तुम्ही घाबरलात, एवढंच आहे. स्वतः घाबरलात म्हणून मला थांबवताय!"

संजना मध्ये येऊ बघत होती, मॅडमनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी मान किंचित वळवली, उजव्या डोळ्यासमोर मला आणायला.

"हां," त्या म्हणाल्या. "भ्यायलंय मी. लई भ्यायलंय. तुझ्या तोंडाखाली बसायला मना नाय जमनार गो."

मी जिना उतरले. त्यानंतर शहाडला गेले नाही. त्यांचे फोन घेतले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं. मला न विचारणं चूकच होतं, असं अजूनही वाटतं.

नॅशनलला जाणाऱ्या संघाची गाडी दुपारी कल्याणहून सुटणार होती. त्या दिवशी मी पंख्याखाली पडून होते. दार वाजलं. आईने उघडलं. मॅडम होत्या, शाळेत नेसायच्या त्या साडीत, एकट्या. त्या आमच्या घरी पूर्वी कधीच आल्या नव्हत्या. एका डोळ्याने रस्ता ओलांडायची अजून सवय नव्हती त्यांना, एरवी वहिनी बरोबर असायची. कोपराला खरचटलेलं होतं.

"पडलात?" आईने विचारलं.

"रिक्षानं डावीकडून कट मारला. दिसलाच नाय."

आईने हळद लावली, पोहे केले. मॅडम खुर्चीवर बसल्या. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला त्यांनी समजावलं नाही, माझी माफी मागितली नाही. आईशी बोलत होत्या, नदीला पाणी किती आहे, शाळेत पोरं कशी आहेत. मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचा उजवा डोळा जायचा. बशीतले पोहे तसेच होते. मग माझ्या लक्षात आलं की हातातला चमचा बशीवर बारीक वाजतोय, आणि तो थांबवण्यासाठी त्यांनी बशी मांडीवर दाबून धरली आहे. मी धावत स्टेशनवर जाईन आणि मलाच न्या म्हणून सरांच्या मागे लागेन, याची त्यांना भीती वाटत होती. दारापासून दोन हातांवर त्या बसल्या होत्या.

मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. त्यांना मी दिसत नव्हते, म्हणून त्यांनी हात पुढे करून चाचपलं. माझा हात सापडला तसा तो धरून ठेवला.

"गाडी सुटली असेल आता," बऱ्याच वेळाने आई म्हणाली.

"सुटू दे," मॅडम म्हणाल्या, आणि पोहे खायला लागल्या.